नगरपरिषदेत पहिल्यांदा जाताना: अर्ज कुठे द्यावा आणि पुढे तो कुठे जातो

मोठ्या शहरातून बदलीवर, नोकरीसाठी किंवा निवृत्तीनंतर घर घेऊन तालुक्याच्या गावी राहायला आलेल्या माणसाची नगरपरिषदेशी पहिली गाठ बहुधा घरपट्टीच्या बिलामुळे पडते, नाहीतर नळाला पाणी न आल्यामुळे. महापालिकेच्या शहरात क्षेत्रीय कार्यालये आणि नागरी सुविधा केंद्रे यांची सवय झालेली असते. इथे मात्र एकच जुनी इमारत, तिच्यात दहा-बारा टेबले आणि एकाच वेळी दोन-तीन विभागांचा कार्यभार सांभाळणारे लिपिक अशी स्थिती असते. यात गैरसोय आहे, तशी एक सोयही आहे. आपला अर्ज ज्या टेबलावर पडला आहे ते टेबल, त्यावर सही करणारा अधिकारी आणि त्या अधिकाऱ्याचा वरिष्ठ हे तिघेही एकाच जिन्याच्या अंतरावर बसतात. अर्जाची ही वाट ज्याला ठाऊक आहे त्याला ओळखीपाळखीची फारशी गरज पडत नाही, असे स्वतःची आणि शेजाऱ्यांची कामे करता करता माझे मत झाले आहे. पुढची माहिती महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींपुरती आहे. महापालिकांना लागू असलेले कायदे वेगळे आहेत.

सर्वांत आधी हद्द

महाराष्ट्रातील नगरपरिषदा आणि नगरपंचायती ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्याखाली चालतात. एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजारांहून अधिक ते एक लाखापर्यंतची ‘ब’ वर्गात आणि त्याहून लहान ‘क’ वर्गात मोडते. हा वर्ग केवळ नावापुरता नसून त्यावर मंजूर पदे ठरतात, आणि म्हणूनच ‘क’ वर्गाच्या गावात रस्ता, गटार आणि बांधकाम परवाना या तिन्हींसाठी आपण एकाच अभियंत्याची वाट पाहत बसतो.

गावाच्या कडेला नवीन वसाहतीत घर घेतले असेल, तर ते नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की शेजारच्या ग्रामपंचायतीत, याची खात्री प्रथम करून घ्यावी. विकणाऱ्याच्या तोंडी ‘शहरातच आहे’ असे असते, पण पाण्याची टाकी नगरपरिषदेची आणि घराची नोंद ग्रामपंचायतीची, असे प्रकार हद्दीवरच्या वस्त्यांत सर्रास आढळतात. मागील मालकाकडून घरपट्टीची शेवटची पावती मागून घ्यावी. तिच्यावर नगरपरिषदेचे नाव, प्रभाग क्रमांक आणि मालमत्ता क्रमांक असेल तर प्रश्न मिटला. ‘नमुना ८’ चा उतारा हाती पडला, तर ती नोंद ग्रामपंचायतीची आहे. मात्र २०१४ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या असल्यामुळे तो उतारा जुन्या काळातलाही असू शकतो. तेव्हा त्यावरची तारीख पाहावी.

कोणते काम इथले नाही

नवख्या माणसाचे निम्मे हेलपाटे चुकीच्या कार्यालयात होतात. सातबारा उतारा महसूल खात्याकडे मिळतो. शहरातील भूखंडाचे मालमत्ता पत्रक, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, ते भूमी अभिलेख खात्याच्या नगर भूमापन कार्यालयात मिळते. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला ही तहसील कार्यालयाकडची कामे होत. मतदार यादीतील नावही तहसीलमार्फतच बदलते, कारण नगरपरिषदेची वेगळी मतदार नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार विभागून नगरपरिषदेच्या निवडणुकीत वापरली जाते. म्हणून पत्ता बदलल्यावर नमुना ८ हा अर्ज लगेच भरावा. (मतदार नोंदणीतला हा नमुना ८ आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही; आकड्यांचा हा योगायोग लोकांना बराच फिरवतो.)

रस्त्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. गावातून जाणारा मुख्य रस्ता पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा भाग असतो आणि त्यावरील खड्ड्याचा अर्ज नगरपरिषदेत दिला, तर तो ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ या शेऱ्यासह पुढे जातो आणि महिना निघून जातो. विजेच्या खांबाचेही तसेच आहे. खांब आणि तारा महावितरणच्या, तर त्यावरील दिवा नगरपरिषदेचा. पाणीसुद्धा सर्व ठिकाणी नगरपरिषदच देते असे नाही. काही शहरांत ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देते आणि तिथे नळजोडणीचा अर्ज, बिल व तक्रार हे सर्व प्राधिकरणाच्या कार्यालयात होते.

कार्यालयात कोण कुठे बसते

कार्यालयाचा प्रशासकीय प्रमुख मुख्याधिकारी असतो. तो शासनाच्या सेवेतला, बदलीवर येणारा अधिकारी असतो. गावचा नसतो आणि दोन-तीन वर्षांत जातोही. नगराध्यक्ष आणि नगरसेवक हे लोकनियुक्त असतात. अनेक नगरपरिषदांत मंडळाची मुदत संपल्यानंतर काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांनंतर तिथे पुन्हा सभागृहे आली आणि नगराध्यक्ष थेट मतदारांतून निवडले गेले. दाखला देणे, नोंद करणे, बिल दुरुस्त करणे ही कामे मुख्याधिकारी आणि त्याच्या हाताखालच्या विभागांची आहेत. त्यासाठी नगरसेवकाच्या शिफारशीचे पत्र कायद्याने कुठेही लागत नाही. नवीन गटार, नवीन दिवे, बागेची दुरुस्ती अशा खर्चाच्या कामांना मात्र नगरसेवकाच्या पाठपुराव्याचा उपयोग होतो.

खालचे विभाग बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: कर व वसुली, पाणीपुरवठा, बांधकाम व नगररचना, आरोग्य व स्वच्छता, जन्म-मृत्यू नोंदणी, लेखा, आस्थापना आणि सभेचे कामकाज. कार्यालयीन अधीक्षक नावाचा एक अधिकारी असतो, ज्याच्याकडे नवखी मंडळी सहसा जात नाहीत. कोणता लिपिक रजेवर आहे आणि त्याचा कार्यभार आज कोणाकडे आहे, हे मुख्याधिकाऱ्यापेक्षा त्यालाच नेमके ठाऊक असते. शासकीय कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला असल्याने शनिवारी जाऊन उपयोग होत नाही. मार्च महिन्यात वसुलीसाठी सुट्टीच्या दिवशी उघडा असलेला कर विभाग तेवढा अपवाद. त्याच कारणाने, मार्चमध्ये कर विभागाकडे भरण्याखेरीज दुसरे कोणतेही काम घेऊन जाऊ नये. सगळे कर्मचारी वसुलीच्या पथकांत विभागलेले असतात आणि आपला नावबदलाचा अर्ज एप्रिलपर्यंत कोणी उघडत नाही.

अर्ज, आवक आणि पोच

नगरपरिषदेच्या कामकाजात मला एकच टेबल सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते म्हणजे आवक-जावक लिपिकाचे. दाराशीच, कधी जिन्याखाली, कधी खिडकीच्या आत ते असते. अर्ज थेट संबंधित लिपिकाच्या हातात देऊन ‘बघतो साहेब, दोन दिवसांनी या’ हे ऐकून परत येणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तो अर्ज चांगल्या मनाने घेतलेला असला तरी नोंदवहीत त्याचा जन्मच झालेला नसतो. लिपिकाची बदली झाली, तो आजारी पडला किंवा गठ्ठा दुसऱ्या कपाटात गेला, की त्या कागदाबद्दल कोणालाही विचारता येत नाही.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि विषय एका ओळीत लिहावा. ‘विषय: मालमत्ता क्र. अमुक, प्रभाग क्र. अमुक, कर आकारणी नोंदवहीत खरेदीखतानुसार नाव नोंदविणेबाबत’ एवढे पुरते. खाली मागणी चार-पाच वाक्यांत, आपला पत्ता व दूरध्वनी, आणि सोबत जोडलेल्या कागदांची क्रमाने यादी. छायाप्रतींवर स्वतःची सही करून त्या स्वसाक्षांकित कराव्यात. एका अर्जात एकच विषय असावा, कारण अर्ज ज्या विभागाकडे जातो तो आपल्यापुरता भाग उरकून फाइल बंद करतो. घरपट्टी, गटार आणि मोकाट कुत्री एकाच अर्जात लिहिली, तर शेवटच्या दोन गोष्टी कोणी वाचतही नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आत जाते. दुसरीवर लिपिक नगरपरिषदेचा गोल शिक्का मारतो, तारीख घालतो आणि आवक क्रमांक लिहितो. हीच पोच. शिक्का उमटलेला असतो, पण क्रमांकाची जागा कोरी राहिलेली असते, असे अनेकदा होते. ‘नंबर नंतर टाकतो’ असे सांगितले तरी तिथेच उभे राहून तो लिहून घ्यावा. पुढच्या प्रत्येक भेटीत आपण ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ असे विचारण्याऐवजी ‘आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक’ असे सांगितले, की नोंदवहीत बोट फिरते आणि कागद कोणाच्या नावे मार्क झाला आहे ते समोर येते. त्यानंतरची वाट अशी असते: लिपिक टिपणी लिहितो, अधीक्षक किंवा विभागप्रमुख त्यावर शेरा मारतो, मुख्याधिकारी सही करतात, आणि पत्र जावक क्रमांक घेऊन बाहेर पडते. आपले काम अडले आहे असे वाटले, तर या चारांपैकी कोणत्या टप्प्यावर ते आहे एवढेच विचारावे.

दाखले व नोंदींची बरीच कामे ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेवा केंद्रातूनही करता येतात. तिथे पोच आपोआप मिळते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र लहान गावांत ऑनलाइन आलेला अर्ज शेवटी छापून त्याच लिपिकाच्या टेबलावर जातो, म्हणून अर्जाचा क्रमांक घेऊन एकदा प्रत्यक्ष भेटून आलेले बरे.

घरपट्टी: बिल वाचावे आणि नाव लावून घ्यावे

दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवले म्हणजे नगरपरिषदेतही आपले नाव आपोआप लागते, असा समज सार्वत्रिक आहे. मी स्वतः त्याच समजात होतो. तीन वर्षे बिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहिले, मी ते भरत राहिलो, आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागायला गेलो तेव्हा तो दाखलाही त्यांच्याच नावाने छापून मिळाला. नावाची नोंद स्वतंत्र अर्ज देऊन करून घ्यावी लागते. सोबत नोंदणीकृत खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक दोन (खरेदीखताच्या नोंदणीचा गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात), चालू वर्षापर्यंत कर भरल्याची पावती, मालमत्ता पत्रक आणि ओळखपत्र लागते. वारसाहक्काने नोंद करायची असल्यास मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि नाव न लावणाऱ्या वारसांचे संमतिपत्र लागते. जुनी थकबाकी असेल तर ती आधी भरल्याशिवाय नाव लागत नाही. म्हणून घर घेण्यापूर्वीच थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्याकडून मागावा. इतरांच्या हरकती मागवण्यासाठी नोटीस निघते, तिची मुदत संपल्यावर नोंद होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट असावी. कर आकारणीच्या नोंदवहीतील नाव हे कर कोणाकडून वसूल करायचा हे सांगते. ते मालकी हक्काचा पुरावा मानले जात नाही. मालकी खरेदीखत आणि मालमत्ता पत्रक यांवरूनच पाहिली जाते. म्हणजे नगर भूमापन कार्यालयातील फेरफाराचा अर्ज वेगळा द्यायचा आहेच.

आता बिल. ज्याला आपण घरपट्टी म्हणतो ती एकच रक्कम नसते. मालमत्ता कराखाली वृक्ष कर, शिक्षण कर, अग्निशमन कर, घनकचऱ्याचे शुल्क अशा ओळी असतात, आणि पाणीपट्टी कुठे त्याच बिलात तर कुठे वेगळी येते. रोजगार हमी कराची ओळ दिसली तर थांबून पाहावे, कारण तो बिगरनिवासी वापरावर लागतो. राहत्या घराच्या बिलात तो आला असेल, तर आपले घर नोंदवहीत दुकान किंवा गोदाम म्हणून लागले असण्याचा संभव आहे. जिथे भाडेमूल्यावर आकारणी होते तिथे घराचे वार्षिक भाडे किती येऊ शकेल हे ठरवून त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावतात. त्या हिशेबाचे मूळ म्हणजे मोजलेले क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार: पत्र्याचे छत, लोडबेअरिंग की आरसीसी. एकदा टेप घेऊन आपणच आपले घर मोजावे आणि कर आकारणीच्या उताऱ्यातील आकड्याशी ताडून पाहावे. गच्चीवरील पत्र्याची शेड खोली म्हणून लागलेली मी पाहिली आहे, आणि पाडून टाकलेली माडी वर्षानुवर्षे कर भरताना पाहिली आहे.

दर चार वर्षांनी संपूर्ण शहराची नव्याने कर आकारणी होते. या वेळी घरोघरी मोजणीला माणसे येतात, प्रस्तावित कराची नोटीस मिळते आणि हरकतीसाठी मुदत दिली जाते. ही नोटीस दाराच्या फटीत सरकवून गेलेली असते आणि दिवाळीच्या जाहिरातींबरोबर रद्दीत जाते. मुदतीत लेखी हरकत दिली तर सुनावणी होते, मोजणी पुन्हा होऊ शकते आणि आकडा बदलतो. मुदत गेल्यावर मात्र पुढील चार वर्षे त्याच आकड्याशी झगडावे लागते. बिलाची थकबाकी ठेवू नये, कारण थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. शास्तीमाफीची अभय योजना येईल या आशेवर बिल थकवणारे प्रत्येक गल्लीत भेटतात. त्यांचा हिशेब क्वचितच जमतो. हरकत प्रलंबित असली तरी ‘हरकतीस अधीन राहून’ असे पत्र देऊन वादाबाहेरची रक्कम भरून टाकावी.

नळजोडणी

नळाचा अर्ज पाणीपुरवठा विभागात मिळतो. घरगुती वापरासाठी बहुधा अर्ध्या इंचाची जोडणी देतात. चालू घरपट्टीची पावती, जागेचा कागद आणि नोंदणीकृत प्लंबरचे नाव अर्जात लागते. त्यानंतर विभागाचा माणूस जागा पाहून जातो व तीन वेगवेगळ्या रकमांचे चलन देतो: जोडणीचे शुल्क, अनामत आणि रस्ता खोदून पूर्ववत करण्याचा खर्च. सिमेंटचा रस्ता नुकताच झाला असेल, तर खोदाईची परवानगी लवकर मिळत नाही. म्हणून घराचे बांधकाम चालू असतानाच आणि शक्यतो समोरचा रस्ता होण्याआधी नळाचा अर्ज द्यावा.

अर्ज देण्यापूर्वी शेजारी विचारून घ्यावे की पाणी किती दिवसांआड येते, किती वाजता आणि कोणत्या टाकीवरून. लहान शहरांत वॉल सोडणारा कर्मचारी हा पाणीपुरवठ्याचा खरा वेळापत्रककार असतो. पाण्याचा दाब कमी पडतो म्हणून नळाला थेट मोटर लावण्याची सूचना प्लंबर अगदी सहज करील. ती मानू नये. तशी मोटर जप्त होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उताराकडच्या चार घरांचे पाणी तुटते.

जन्म, मृत्यू आणि विवाह

या नोंदींचा मूळ नियम असा, की घटना जिथे घडली तिथेच नोंद होते. आपण कुठे राहतो याला महत्त्व नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्यामुळे वडील राहतात त्या गावच्या नगरपरिषदेत दाखला मागायला जाणारे पुष्कळ असतात आणि ते रिकाम्या हाताने परततात. बाळ ज्या रुग्णालयात जन्मले ते ज्या नगरपरिषदेच्या, महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिथे जावे. रुग्णालयातील घटना रुग्णालय कळवते. घरी झालेला जन्म किंवा मृत्यू कुटुंबप्रमुखाने कळवायचा असतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार २१ दिवसांच्या आत कळवले तर नोंद विनाशुल्क होते. २१ ते ३० दिवसांपर्यंत निबंधक विलंब शुल्क घेऊन नोंद करतो. त्यानंतर एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. पहिले दोन टप्पे म्हणजे एक खिडकी. पुढचे दोन म्हणजे जिल्ह्याच्या आणि तहसीलच्या अनेक फेऱ्या. कायद्यात झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे आणि त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो, हे नव्या आईवडिलांनी लक्षात घ्यावे.

बारसे व्हायचे असल्यामुळे नोंदीत नावाची जागा कोरी असते, आणि तशी नोंद पूर्णपणे वैध असते. बाळाचे नाव बारा महिन्यांच्या आत कळवल्यास शुल्क पडत नाही. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते नोंदवता येते. नाव देताना त्याचे मराठी व इंग्रजी लेखन कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्यावे, तोंडी सांगू नये. एकदा लागलेले नाव हौसेने बदलून मिळत नाही. लेखनातील चूक दुरुस्त होते, तीही पुरावा देऊन.

विवाहनोंदणीसाठी नमुना ‘ड’ भरावा लागतो, त्यावर वधूवरांसह तीन साक्षीदारांच्या आणि विधी करणाऱ्याच्या सह्या लागतात, आणि सर्वांनी ठरल्या दिवशी प्रत्यक्ष हजर राहायचे असते. साक्षीदार गावचेच घ्यावेत. मुंबईहून मामा येणार म्हणून थांबलेली नोंदणी वर्षभर थांबते.

बांधकाम

घर बांधायचे किंवा वर मजला चढवायचा असल्यास परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत नकाशा सादर करावा लागतो. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांना एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, त्यामुळे किती जागा मोकळी सोडायची आणि किती मजले चढवता येतील याची उत्तरे आता गावागणिक बदलत नाहीत. भूखंड घेण्याआधी झोन दाखला व भाग नकाशा मागावा. त्यावरून ती जमीन रहिवासी विभागात आहे की विकास आराखड्यात तिच्यावरून रस्ता अथवा बाग दाखवली आहे ते कळते. परवानगी मिळाल्यावर जोत्यापर्यंत काम आले की तपासणी करून घ्यावी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेले घर वापरण्याची परवानगी, घ्यावे. हे शेवटचे प्रमाणपत्र घेण्याचा लोक कंटाळा करतात; पुढे घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना बँक पहिल्यांदा तेच मागते.

दिवा, कचरा, गटार

रोजच्या तक्रारींसाठी अर्जाची लांबण लावण्याची गरज नसते. आरोग्य किंवा विद्युत विभागातील तक्रार वहीत नोंद पुरते. तक्रार नेमकी असावी. ‘आमच्या गल्लीत अंधार आहे’ असे लिहिण्याऐवजी खांबावर रंगवलेला क्रमांक लिहावा आणि दिवा रात्री बंद असतो की दिवसाही चालू राहतो तेही लिहावे, कारण पहिल्यात दिवा बदलावा लागतो आणि दुसऱ्यात स्विचची पेटी.

घंटागाडी येण्याची वेळ ठरलेली असते. ओला व सुका कचरा वेगळा द्यावा लागतो. सॅनिटरी पॅड, तुटलेले बल्ब, औषधांच्या बाटल्या यांत मिसळू नयेत. लहान गावाला हे जमत नाही असे कोणी म्हणाले, तर २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड, सासवड आणि लोणावळा यांनी देशात पहिले तीन क्रमांक घेतले होते, हे त्यांना सांगावे.

सभेची विषयपत्रिका

रस्ता, गटार, बाग अशा मोठ्या कामांचा निर्णय सर्वसाधारण सभेत होतो. सभेआधी विषयपत्रिका निघते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लावली जाते. पहिला विषय बहुधा मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याचा, मग जमाखर्चाला मान्यता, मग निविदांचे दर, आणि तळाशी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. माझ्या मते नागरिकाने वाचायची ओळ ही शेवटचीच आहे, कारण आधी छापलेल्या विषयांवर लोकांची नजर असते आणि ऐनवेळच्या विषयांवर नसते. त्यांत काय मंजूर झाले ते पुढे इतिवृत्तात पाहावे. त्यात ठराव क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात.

ठराव झाला म्हणजे काम सुरू झाले असे मात्र नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) एवढे टप्पे त्यानंतर असतात, आणि पैसा अंदाजपत्रकातील कोणत्या लेखाशीर्षातून येणार यावर वेग ठरतो. ‘ठराव झालाय’ असे उत्तर मिळाल्यास ‘कार्यादेश कधी निघाला’ एवढे विचारावे. बेकायदेशीर वाटणाऱ्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि त्यासाठी अर्ज करायला नगरसेवकच असावे लागत नाही.

मुदत उलटली तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेसाठी दिवसांची मुदत, पदनिर्देशित अधिकारी (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि अपिलाचे अधिकारी ठरवून दिलेले आहेत. त्याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. अनेकदा तो जिन्यावर, कुंडीच्या किंवा जुन्या कपाटाच्या मागे सापडतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मुदत संपली किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करता येते, आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील करण्यापूर्वी त्या फलकाचा उल्लेख करून एक साधे स्मरणपत्र द्यावे; निम्मी कामे तेवढ्यावर होतात.

अर्जाचे काय झाले हेच कळत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरावा. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांत बसवावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत ती मर्यादा आहे. ‘काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारू नये, त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते. ‘आवक क्रमांक अमुक या अर्जावरील टिपणी व शेऱ्यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात’ अशी मागणी करावी, म्हणजे कागद कोणाकडे किती दिवस पडून होता ते तारखांसह समोर येते. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते; न आल्यास वीस रुपयांचे तिकीट लावून त्याच कार्यालयात पहिले अपील करावे.

दाखला हातात पडल्यावर

खिडकी सोडण्याआधी दाखला वाचावा. आईचे नाव, आडनावातील ऱ्हस्व-दीर्घ, इंग्रजी स्पेलिंग, तारीख, मालमत्ता क्रमांक आणि शेवटी सही-शिक्का या क्रमाने पाहावे. त्याच दिवशी सापडलेली छापण्यातली चूक लिपिक तिथल्या तिथे दुरुस्त करून नवी प्रत देतो. महिन्याने सापडली की दुरुस्तीचा अर्ज, पुरावे आणि पुन्हा आवक क्रमांक. मूळ नोंदवहीतच चूक असेल तर नवी प्रत काढूनही तीच चूक छापून येते, म्हणून दाखल्याबरोबर नोंदवहीतील नोंदही दाखवायला सांगावी. जन्म दाखल्याच्या दोन-तीन प्रती त्याच वेळी घेऊन ठेवाव्यात.